पडद्यावरील हेर आणि त्या त्या काळाचें भय

दिवाळीची अथवा उन्हाळ्याची सुटी संपवून मुलें शाळेंत परत आलीं म्हणजे त्यांच्या बोलण्यांत ज्या गोष्टी हटकून येतात, त्यांत नव्या चित्रपटांचा क्रम फार वरचा असतो. आणि अलीकडे त्या चित्रपटांत हेरांचे चित्रपट पुष्कळ असतात. कोणी परराष्ट्रांत वेष पालटून राहतो, कोणी आगगाडीच्या टपावरून धांवतो, कोणी शत्रूच्या घरांत सून होऊन नांदते. पालकांपैकीं कांहींस हा नाद निरुपद्रवी करमणुकीचा वाटतो, कांहींस तो अभ्यासाचा वैरी वाटतो. आम्हांस दोन्ही मतें अपुरीं वाटतात. हेरपट हा इतिहासाचा एक चमत्कारिक कागद आहे. हेरांविषयीं त्यांत खरें असें फारच थोडें असतें. परंतु तो ज्या वर्षीं निघाला त्या वर्षीं लोक कोणास भीत होते, हें त्यांत जितकें स्पष्ट वाचावयास मिळतें तितकें त्या वर्षाच्या सरकारी अहवालांतही मिळत नाहीं. मात्र त्यासाठीं नायकावरची नजर काढून ती खलपुरुषावर ठेवावी लागते.

खऱ्या हेराचें काम पडद्यावर दाखविण्यासारखें मुळीं नसतेंच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत हेरांचे जे वर्ग सांगितले आहेत त्यांत विद्यार्थी आहे, शेतकरी गृहस्थ आहे, व्यापारी आहे, तापस आहे, भिक्षुकी आहे. म्हणजे चव्हाट्यावर ज्यांकडे कोणी दुसऱ्यांदा वळून पाहणार नाहीं अशींच हीं माणसें. मराठेशाहींत अशांस जासूद अथवा हरकारे म्हणत. घाटांतून किती बैल गेले, कोणत्या ठाण्यांत दाणा किती दिवसांचा उरला, कोणा सरदाराचें मन कोणीकडे वळलें, एवढें त्यांनीं पाहावें, ऐकावें व धन्यास कळवावें. आमच्या नागपुरास ही विद्या अपरिचित नाहीं. १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या फौजेची व इंग्रजांची लढाई जुंपली; तिच्यापूर्वीं दरबारांतील हालचालींची वार्ता रेसिडेंट जेन्किन्स यास मिळतच होती. ती पोंचविणारांत तरवार परजणारा एकही नसावा असा आमचा तर्क आहे. कारकून असतील, नोकरचाकर असतील, सावकारांचे गुमास्ते असतील.

असा मनुष्य चित्रपटाच्या उपयोगाचा नाहीं. चित्रपटास चेहरा लागतो. ज्याची सारी विद्या चेहरा लपविण्यांत आहे त्यास चेहरा द्यावयाचा, म्हणजे तो कोठून तरी उसना आणला पाहिजे. आणि तो प्रेक्षकांच्या मनांतच तयार असतो. लोक त्या वर्षीं ज्यास भितात त्याच्यासारखा हेर दिसला म्हणजे तो त्यांस खरा वाटतो.

ही गोष्ट विलायतेंतील एका चित्रपटावरून चांगली ध्यानांत येते. १९३५ च्या मार्चांत जर्मनीनें आपण लष्करी विमानदळ उभारलें आहे असें जगास उघड सांगितलें. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत लंडनमध्यें आल्फ्रेड हिचकॉक याचा 'द थर्टी नाइन स्टेप्स' हा बोलपट झळकला. जॉन बखन याची मूळ कादंबरी १९१५ सालची, म्हणजे पहिल्या महायुद्धांतली. परंतु वीस वर्षांनंतर चित्रपट काढतांना हेरांनीं चोरावयाचें गुपित कोणतें ठेवावें? तर आवाज न करणाऱ्या विमानाच्या यंत्राचें! आकाशांतून येणारा शत्रु ऐकूं सुद्धां येणार नाहीं, हें त्या वर्षीं लंडनच्या गृहस्थाश्रमी मनुष्याचें दुःस्वप्न होतें. आणि शत्रूचें राष्ट्र कोणतें? तें चित्रपटांत कोठेंही सांगितलेलें नाहीं. १९३८ सालच्या 'द लेडी व्हॅनिशेस' मध्यें तर 'बँड्रिका' नांवाचा एक देशच कल्पून काढला. ज्या राज्याशीं सरकार अजून तह टिकविण्याच्या खटपटींत होतें, त्याचें नांव घेणें चित्रपटवाल्यांस जड गेलें. नांव घेण्याचें धाडस पुढें अमेरिकेंत झालें. न्यूयॉर्क येथें १९३८ सालीं जर्मन हेरांवर चाललेल्या खऱ्या खटल्यावरून वॉर्नर कंपनीनें १९३९ सालीं 'कन्फेशन्स ऑफ ए नाझी स्पाय' हा चित्रपट काढला, आणि जर्मन सरकारनें त्याविरुद्ध ओरड केली.

त्याच १९३९ सालीं ह्या भयाचा एक फटका आपल्या महाराष्ट्रांत, आणि तोही एका चित्रपटनिर्मात्या संस्थेसच बसला. मुंबईजवळ मालाड येथें हिमांशु राय व देविकाराणी यांनीं १९३४ सालीं बाँबे टॉकीज ही कंपनी स्थापिली होती. तिचा मुख्य दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन हा जर्मन, व छायालेखक जोसेफ वर्शिंग हाही जर्मन. 'अछूत कन्या' (१९३६) हा अस्पृश्यतेवरील गाजलेला चित्रपट ह्याच दोघांनीं घडविला. सप्टेंबर १९३९ मध्यें इंग्लंडनें जर्मनीशीं युद्ध पुकारलें तेव्हां 'कंगन' चित्रपटाचें काम चाललें होतें. दोघांसही शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून पकडण्यांत आलें. काल ज्याच्या हांकेवर सारा स्टुडिओ हलत होता तो आज पहाऱ्यांत!

येथें विद्यार्थिमित्रांनीं घाईनें न्याय करूं नये. ऑस्टेन हा जर्मनींतील नाझी पक्षाचा सभासद झालेला होता. तेव्हां सरकारचा संशय निव्वळ हवेंतला होता असें म्हणतां येत नाहीं. तो पुढें जर्मनीस परत गेला. वर्शिंग मात्र युद्ध संपेपर्यंत छावण्यांतून फिरत राहिला, आणि सुटल्यावर मायदेशीं न जातां पुन्हां मुंबईच्या चित्रपटांकडे वळला. 'महल' (१९४९) ह्या चित्रपटांतील तो धुकट, अर्धवट अंधाराचा वाडा ज्यांनीं पाहिला असेल त्यांनीं वर्शिंगचीच कला पाहिली आहे. 'पाकीजा'चें चित्रीकरणही त्याच्याच हातून चाललें होतें; तो १९६७ सालीं ह्या देशांतच वारला, आणि तो चित्रपट १९७२ सालीं लोकांसमोर आला.

ह्याच युद्धांत पुरंदर किल्ल्यावरही शत्रुराष्ट्रीयांस ठेवण्याची छावणी होती. १६६५ सालीं जेथें शिवाजी महाराजांस मिर्झा राजे जयसिंगाशीं तह करावा लागला तोच हा पुरंदर. तेथें जर्मन व इटालियन कुटुंबें बायकामुलांसह राहत. आणि त्यांतच हिटलरच्या छळापासून जीव घेऊन हिंदुस्थानांत आलेले कित्येक ज्यू लोकही होते. ज्याच्या भयानें ते पळाले त्याचेच हस्तक म्हणून त्यांजकडे पाहण्यांत आलें, कारण त्यांच्या पारपत्रावर जर्मनीचा शिक्का होता. भय शिक्का पाहतें. मनुष्य पाहण्यास त्यास सवड नसते.

आतां त्या वेळच्या मराठी प्रेक्षकाचा विचार करूं. १९४२-४३ सालीं त्यास कोणाचें भय होतें? जपानी विमानांनीं एप्रिल १९४२ मध्यें विशाखापट्टणवर व डिसेंबरांत कलकत्त्यावर बाँब टाकले होते, तेव्हां परक्याचें भय होतेंच. परंतु त्याहून जवळचें भय घरच्या सरकारचें होतें. ऑगस्ट १९४२ मध्यें चिमूर व आष्टी येथें जें घडलें तें आमच्या ह्या भागांत घरोघर ठाऊक आहे. त्या दिवसांत 'गुप्त पोलीस' हा शब्द लोक आवाज उतरवून उच्चारीत. मुंबईंत २७ ऑगस्ट १९४२ पासून उषाबेन मेहता व त्यांचे तरुण सोबती यांनीं काँग्रेसचें गुप्त नभोवाणी केंद्र चालविलें. यंत्र घेऊन ते एका घरांतून दुसऱ्या घरांत हिंडत, आणि १२ नोव्हेंबर रोजीं पकडले गेले. सरकारच्या दप्तरीं ते कटवाले होते, लोकांच्या मनांत ते वीर होते. त्यांचा चित्रपट, 'ऐ वतन मेरे वतन', निघावयास मात्र २०२४ साल उजाडावें लागलें.

शत्रूचें एक नांव घ्यावयाचें व प्रेक्षकांनीं दुसरेंच ऐकावयाचें, ही युक्ति त्या काळीं फार चाले. १९४३ सालीं बाँबे टॉकीजचाच 'किस्मत' हा चित्रपट निघाला. तो हेरपट नव्हे. परंतु त्यांतील कवि प्रदीप यांच्या एका गीतांत परक्यांनीं ह्या देशापासून दूर व्हावें अशी गर्जना आहे, आणि परक्यांचीं नांवें म्हणून जर्मन व जपानी यांचा उल्लेख आहे. परीक्षकांनीं तें गीत मंजूर केलें. चित्रगृहांत मात्र सर्वांनीं तें इंग्रजांस उद्देशूनच ऐकलें, व टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्याच १९४३ सालीं 'बहिर्जी नाईक' हा मराठी चित्रपट निघाला. शिवाजी महाराजांचा हेर त्या वर्षीं पडद्यावर यावा हें आम्हांस मोठें अर्थपूर्ण वाटतें. 'स्वराज्य' हा शब्द तेव्हां जपून वापरावा लागे. प्रभात कंपनीनें १९३० च्या सुमारास शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखालीं 'स्वराज्याचें तोरण' हा मूकपट तयार केला, तेव्हां तें नांव परीक्षकांस रुचलें नाहीं व तो 'उदयकाल' ह्या नांवानें दाखवावा लागला. अशा दिवसांत ऐतिहासिक कथा ही एक सोय होती. गुप्त पोलिसांच्या नजरेखालीं वावरणाऱ्या समाजास, आपलाही एक हेर होऊन गेला व तो स्वराज्याचा होता, हें पाहण्यांत जो धीर मिळाला असेल त्याची कल्पना आज स्वतंत्र देशांत वाढणाऱ्या मुलांस येणें कठीण.

आणि बहिर्जीविषयीं इतिहासास निश्चित असें ठाऊक तरी किती आहे? फार थोडें. सभासदाच्या बखरींत बहिर्जी जाधव हें जासुदाचें नांव येतें, आणि सुरतेच्या बातमीशीं तें निगडित आहे. जानेवारी १६६४ मध्यें महाराजांनीं सुरत लुटली, त्यापूर्वीं त्या शहराची सारी खबर त्यानें आणिली असें मानतात. सांगली जिल्ह्यांत बाणूरगडावर, म्हणजेच भूपाळगडावर, त्याची समाधि म्हणून एक स्थान दाखवितात. नाना वेषांच्या, सोंगांच्या ज्या कथा आपण ऐकतों त्या बहुतेक मागाहूनच्या. उत्तम हेराविषयीं असेंच असावयाचें; ज्याचे कागद पुष्कळ सांपडतात तो हेर बहुधा पकडला गेलेला असतो! परंतु ह्या रिकाम्या जागेमुळेंच बहिर्जी प्रत्येक पिढीस उपयोगी पडला. त्याच्याकडे आम्ही पुढें पुन्हां येऊं.

स्वातंत्र्यानंतर पंधरा वर्षांनीं भयाचें तोंड एकाएकीं उत्तरेकडे वळलें. १९६२ सालचा ऑक्टोबर महिना जगाच्या इतिहासांत विलक्षण आहे. ५ तारखेस लंडनमध्यें जेम्स बाँडचा पहिला चित्रपट 'डॉक्टर नो' दाखविला गेला. त्यांत एका बेटावर दडलेला शास्त्रज्ञ अमेरिकेचे अग्निबाण आकाशांत भरकटवितो. मध्यावर क्यूबा बेटांतील रशियन क्षेपणास्त्रांवरून अमेरिका व रशिया अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभीं राहिलीं. आणि २० तारखेस चिनी फौजा आपल्या सीमेवर कोसळल्या. बेट, क्षेपणास्त्र आणि लपलेला शत्रु, हीं तिन्ही त्या महिन्यांत वर्तमानपत्रांतही होतीं व पडद्यावरही होतीं. बाँडपटवाल्यांची एक चतुराई मात्र सांगण्यासारखी आहे. इयान फ्लेमिंगच्या १९५७ सालच्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' ह्या कादंबरींत शत्रु हें सोव्हिएट रशियाचें गुप्त खातें आहे. १९६३ सालच्या चित्रपटांत त्याच्या जागीं 'स्पेक्टर' नांवाची, कोणत्याच देशाची नसलेली एक टोळी आणून बसविली. रशियास दुखवावयाचें नाहीं आणि भय तर ठेवावयाचें, असा हा व्यवहार होता. त्या सुमाराचा खरा गंभीर हेरपट पाहावयाचा तर 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' (१९६५) पाहावा. बर्लिन शहरांत १९६१ सालीं उभारलेली भिंत त्यांत आहे, आणि दोन्ही बाजूंच्या हेरखात्यांनीं माणसें कशीं प्याद्यांसारखीं खर्चिलीं तें त्यांत आहे. त्यांत विमानें नाहींत, मोटारींच्या शर्यती नाहींत. लहान मुलें कंटाळतील.

आपल्याकडे १९६२ च्या पराभवाचा व १९६५ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धाचा परिणाम हिंदी चित्रपटावर दोनतीन वर्षांनीं दिसूं लागला. तेलुगू 'गूढचारी ११६' (१९६६) वरून हिंदींत 'फर्ज' (१९६७) आला. त्यानंतर १९६८ सालीं 'हमसाया' व 'आँखें' हे दोन आले. 'हमसाया'ची कल्पना मोठी मार्मिक आहे. भारतीय अधिकारी आणि त्याच्यासारखाच दिसणारा चिनी हेर, ह्या दोन्ही भूमिका जॉय मुखर्जी यानेंच केल्या आहेत. शत्रूचें तोंड म्हणून जें दाखविलें तें आपलेंच निघालें! चित्रपटकर्त्यास हा अर्थ अभिप्रेत नसेल. परंतु पाहणारास तो दिसतो.

रामानंद सागर यांच्या 'आँखें' मध्यें धर्मेंद्र बैरूतपर्यंत जातो, तेथील मौज सर्वांच्या लक्षांत राहते. आम्हांस मात्र त्यांतील घर अधिक बोलकें वाटतें. देशासाठीं गुप्त कार्य करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थाच्या घरांत खऱ्या नातलग बाईच्या जागीं शत्रूची बाई येऊन बसते, आणि ती भूमिका आपल्या येवल्याच्या ललिता पवार यांनीं केली आहे. मराठी बायकांनीं ज्यांस खाष्ट सासू म्हणून पडद्यावर शेंकडों वेळां पाहिलें त्याच ह्या बाई. स्वयंपाकघरांत वावरणारी, नातवंडांस जवळ घेणारी वडीलधारी बाईच शत्रूची निघावी, ह्याहून भयाचें पुरें चित्र दुसरें कोणतें? ज्या देशानें 'भाई भाई' म्हटलेल्या शेजाऱ्याकडून मार खाल्ला होता, त्यास आतां घरच्या माणसाचीही खात्री वाटेना, असा त्याचा अर्थ आम्ही लावतों. शत्रूचें राष्ट्र तेथेंही आडपडद्यानेंच सुचविलें आहे, कारण परराष्ट्रांशीं असलेल्या मैत्रीस बाध येऊं नये ही अट आपल्याही कायद्यास संमत आहे. हिचकॉकची तीच अडचण तेहतीस वर्षांनीं मुंबईंत!

हें भय केवळ पडद्यावर नव्हतें. त्याच दशकांत आमच्या विदर्भांत भंडारा, भद्रावती व अंबाझरी येथें दारूगोळ्याच्या सरकारी आयुधनिर्माणी उभ्या राहिल्या. सीमेपासून दूर, देशाच्या मध्यभागीं म्हणून ही भूमि सुरक्षित. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे आजोबा तेथें नोकरीस लागले, आणि त्यांच्या घरीं 'आपल्या कामाविषयीं बाहेर बोलूं नये' हा नियम मुलांस पाठ असे. तो नियम योग्यच होता. देशास शत्रु नसतात किंवा हेर नसतात असें कोणीं म्हणूं नये; भय पुष्कळदां खऱ्या कारणानें उत्पन्न होतें.

परंतु त्याच भयानें दुसरेंही एक कृत्य केलें, आणि तें आमच्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाहीं. १९६२ च्या युद्धानंतर आसाम, बंगाल इत्यादि प्रांतांतील चिनी वंशाच्या सुमारें ३,००० लोकांस घरांतून उचलून राजस्थानांतील देवळी येथील छावणींत ठेवण्यांत आलें. त्यांत दुकानदार होते, सुतार होते, चामड्याचे कारागीर होते. कित्येकांचा जन्म ह्याच देशांत झालेला, कित्येकांस चिनी भाषेपेक्षां येथल्याच भाषा चांगल्या येत. म्हातारे होते, शाळेंत जाणारीं मुलें होतीं. खटला चालला नाहीं. कांहींची सुटका होण्यास १९६७ साल उजाडलें. 'फर्ज' त्याच सालचा, हें वाचकांच्या ध्यानांत असावें. पडद्यावरचा हेर तीन तासांत मरतो. त्याचा चेहरा ज्यांच्याकडून उसना घेतलेला असतो त्यांस मात्र तो पुढेंही वागवावा लागतो.

आमच्या जवळचेंच उदाहरण पाहा. हिंवाळा लागला म्हणजे नागपुरांत तिबेटी स्त्रीपुरुष लोंकरीचे कपडे विकावयास बसतात. त्यांची एक वसाहत गोंदिया जिल्ह्यांत गोठणगांवजवळ आहे. ती १९७२ सालीं, तो मुलूख भंडारा जिल्ह्यांत असतां, वसली. १९५९ सालीं चिनी सत्तेपासून जीव घेऊन जे आले त्यांचे हे मुलगे व नातू. त्यांसच रस्त्यांत 'अरे चिनी' अशी हांक मारणारीं मुलें आढळतात. पुरंदरच्या ज्यूंची गोष्ट आम्ही वर सांगितली ती ह्याचसाठीं. २०२० सालीं महामारी आली तेव्हां ईशान्य भारतांतील, म्हणजे आपल्याच देशांतील, तरुणांस निरनिराळ्या शहरांत तसेंच हिणविलें गेलें. हांक मारणाऱ्या मुलाच्या मनांत द्वेष असतोच असें नाहीं. त्यानें तो चेहरा कोठें तरी पडद्यावर पाहिलेला असतो, इतकेंच.

१९७१ च्या युद्धापासून पुढील तीस वर्षांचा भाग आम्ही थोडक्यांत आटोपतों, कारण त्या काळांतील बहुतेक हेरपट बाँडच्या नकला आहेत. एकच विनोद नमूद करावा. १९८७ सालच्या 'द लिव्हिंग डेलाइट्स' मध्यें बाँड अफगाणिस्तानांत रशियनांशीं लढणाऱ्या मुजाहिदांचा मित्र आहे. २००१ सालच्या सप्टेंबरानंतर तसा चित्रपट काढण्यास कोणीही धजला नसता. पात्र तेंच, डोंगर तेच, भय बदललें.

आपल्याकडे १९९३ चे मुंबईतील बाँबस्फोट व नोव्हेंबर २००८ चा हल्ला यांनंतर हेरपटांस पुन्हां नवें बळ आलें. त्यांत एक लक्षणीय भेद आहे. 'एक था टायगर' (२०१२) मध्यें भारताचा हेर पाकिस्तानच्या हेर स्त्रीवर प्रेम करतो. 'पठान' (२०२३) मध्यें मुख्य शत्रु हा पूर्वीं आपल्याच खात्यांत असलेला, पुढें फिरलेला मनुष्य आहे. अमेरिकेंतील 'मिशन इम्पॉसिबल'च्या २०२३ सालच्या भागांत तर शत्रु मनुष्यही नाहीं. तें एक विचार करणारें यंत्र आहे, त्यास देश नाहीं व चेहराही नाहीं. ज्या पालकांच्या घरीं मुलांच्या हातांतील मोबाइलवर अनोळखी माणसें मैत्रीचा हात पुढें करतात, त्यांस हें भय कोठून आलें तें सांगावयास नको.

ह्या सर्वांत 'राज़ी' (२०१८) हा चित्रपट आम्हांस वेगळा वाटतो. हरिंदर सिक्का यांच्या २००८ सालच्या कादंबरीवरून मेघना गुलजार यांनीं तो काढला. १९७१ च्या युद्धापूर्वीं एक काश्मिरी मुलगी पाकिस्तानांतील एका सेनाधिकाऱ्याच्या घरांत सून म्हणून जाते व तेथून बातम्या पाठविते. सासरचीं माणसें तिच्याशीं प्रेमानें वागतात. ती आपलें काम पुरें करते, आणि त्या कामाचा तिच्या मनावर झालेला घाव चित्रपट लपवीत नाहीं. 'आँखें' मध्यें शत्रूची बाई आपल्या घरांत होती. येथें आपली मुलगी त्यांच्या घरांत आहे. पन्नास वर्षांत कॅमेरा उंबरठ्याच्या दुसऱ्या बाजूस जाऊन उभा राहिला. असा चित्रपट लोकांनीं डोक्यावर घेतला, ह्याचें आम्हांस समाधान वाटतें.

आणि बहिर्जी? तोही परत आला आहे. 'फर्जंद' (२०१८) व 'फत्तेशिकस्त' (२०१९) ह्या दोन्ही मराठी चित्रपटांत तो आहे. 'फत्तेशिकस्त' हा ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीं महाराजांनीं पुण्याच्या लाल महालांत शाइस्तेखानावर घातलेल्या छाप्याचा चित्रपट. त्याची जाहिरात कोणत्या शब्दांनीं केली होती? भारतांतील पहिला 'सर्जिकल स्ट्राइक' ह्या शब्दांनीं. हा शब्द सप्टेंबर २०१६ मध्यें आपल्या सेनेनें सीमेपलीकडे केलेल्या कारवाईपासून घरोघर पोंचला, आणि जानेवारी २०१९ मध्यें 'उरी' ह्या हिंदी चित्रपटानें तो मुलांच्या तोंडीं बसविला. म्हणजे १९४३ सालीं जो बहिर्जी गुप्त पोलिसांच्या छायेंतल्या प्रजेस धीर देत होता, तोच २०१९ सालीं सीमेपलीकडून येणाऱ्या दहशतवाद्यांनीं व्यथित झालेल्या स्वतंत्र राष्ट्रास धीर देतो. लाल महालांतील रात्र दोन्ही वेळीं तीच होती. १९४३ च्या प्रेक्षकास 'सर्जिकल स्ट्राइक' हे शब्द समजले नसते, आणि १९४३ सालीं 'स्वराज्य' हा शब्द चित्रगृहांत ऐकून अंगावर कां कांटा येई, हें आजच्या मुलांस आजोबांच्याही वडिलांस विचारावें लागेल.

पुष्कळ पालक आम्हांस विचारतात कीं मुलांस ह्यांपैकीं काय दाखवावें. आमचें मत असें: 'आँखें' सर्वांनीं मिळून पाहण्यास हरकत नाहीं, त्यांत मेहमूदचा विनोदही आहे. 'राज़ी' नववी-दहावीच्या मुलामुलींनीं वडील माणसांसह पाहावा. 'महल' हा हेरपट नव्हे, परंतु वर्शिंगच्या छायालेखनासाठीं तो ह्या यादींत असावा. आणि 'द थर्टी नाइन स्टेप्स' तर दीड तासाच्या आंतच संपतो. तो कृष्णधवल आहे म्हणून नाक मुरडूं नये. त्यांतील करंगळी तुटलेला प्रतिष्ठित गृहस्थ कोणत्या देशाचा हस्तक आहे हें मात्र कोणीं शोधीत बसूं नये. तें शेवटपर्यंत सांगितलेलें नाहीं.